निघालेला माल मिस्त्रीचा

माप मी स्वतः घेतलं होतं. त्यात दुसऱ्या कोणाला ओढायचं कारण नाही.

बायकोच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप खिशात घालून मी तेलगावहून बीडला गेलो. गॅरेजात गाडीचं बॉनेट उघडून आत वाकलो, लांबी घेतली, रुंदी घेतली, वहीच्या पानावर चौकट आखून आकडे नीट लिहिले आणि मिस्त्रींना सांगितलं, एवढ्यात बसेल असं मोठं इंजिन बघा. त्यांनी बघितलं. मागून चेपलेली एक अपघातातली गाडी त्यांना मिळाली, तिचं पुढचं सगळं शाबूत होतं. मे महिन्यातल्या एका सकाळी ते इंजिन साखळीच्या कप्पीला लटकवून हळूहळू खाली सोडलं. गिअरबॉक्ससकट ते अलगद आत गेलं. मी टाळी वाजवली. मग मिस्त्रींनी बॉनेट खाली आणलं आणि ते चार बोटं वरच राहिलं.

माप घेताना बॉनेट उघडं होतं. उंची घ्यायची राहिलीच होती.

मी हायस्कूलला गणित शिकवतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, हे बावीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलंय. उंची विसरणाऱ्याला मी फळ्यापाशी उभं करतो. त्या दिवशी गॅरेजात फळा नव्हता एवढंच.

मिस्त्री साठीच्या पुढचे, दाढी पांढरी आणि तिचं टोक ग्रीसनं काळं. ते हसले नाहीत. खांद्यावरच्या फडक्यानं हात पुसत म्हणाले, "सर, इंजन तर बसलं. आता बॉनेटची समजूत कोण काढायची?"

समजूत डेंटरनं काढली. बॉनेट मधोमध कापून त्यावर पत्र्याचं उंच कुबड बसवलं. गॅरेजातल्या मंडळींनी त्याचं नाव 'सरांची उंची' ठेवलं. गाडीचं काम संपेपर्यंत, सरांच्या उंचीला प्रायमर मारला का, सरांची उंची घासली का, असं चाललं होतं. मीही हसत होतो. ही चूक दोन दिवसांच्या पत्राकामात निस्तरली. दुसरी निस्तरली नाही, आणि ती करताना माझ्या हातात टेपसुद्धा नव्हती.

गाडी माझ्या मेहुण्याची. बायकोचा हा एकुलता एक भाऊ, तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्यामुळं हिनंच त्याला काखेत घेऊन वाढवला. वडील गेल्यावर तो कडा या गावाजवळच्या खेड्यात एकटाच राहायचा आणि लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ काढायचा. पुण्याहून त्यानं ही जुनी स्पोर्ट्स कार आणली होती. लाल, बुटकी, दोन दारांची, कापडी टपाची. अशा मोजक्याच निघाल्या म्हणे, मग बनवणाऱ्यांनीच हात टेकले. आमच्या भागात घरात माणसं सात आणि सोबत ज्वारीचं पोतं. तिथं दोनच माणसं बसणारी गाडी म्हणजे अर्धवट वस्तू. तो पहिल्यांदा ती घेऊन आला तेव्हा चौकात एकानं त्याला विचारलं होतं, "बाकीची गाडी कुठं ठिवली बे?"

पण लग्नसराईत तिला मान होता. टप काढून तिच्यात नवरदेव बसवायचा. टप काढावाच लागायचा, कारण फेटा आत मावत नसे. मेहुणा गाडी चालवायचा आणि मधूनच उतरून त्याच गाडीचा व्हिडिओ घ्यायचा. जिल्ह्यातल्या निम्म्या नवरदेवांना त्यानं मांडवाच्या दारापर्यंत पोचवलं, स्वतः मात्र पोचला नाही. मुलीकडचे येत, गाडी बघून खूश होत, मग मागचं सीट शोधत, आणि ते नाहीच हे कळलं की चहाचा कप खाली ठेवत.

गाडीत एकच खोट, इंजिन फार लहान. मांजरसुंब्याच्या घाटात उसाच्या ट्रॉल्याही तिला मागं टाकायच्या. तो इथं आला की जेवताना दर वेळी म्हणायचा, "दाजी, एकदा हिला मोठं इंजन टाकायचंच. मग बगा घाट." मी म्हणायचो, टाकू की. बोलायला माझं काय जातंय.

आणि त्या इंजिनाचा एक आवाज होता. त्याच्या झडपांचे टॅपेट सैल होते, त्यामुळं ते बारीक टिकटिकत चालायचं. कोणीही मिस्त्री पाच मिनिटांत ते आवळून देऊ म्हणायचा आणि हा नको म्हणायचा. का, तर तो आवाज बहिणीच्या शिलाई मशीनसारखा येतो म्हणून. खरंच येत होता. चौकातून आमच्या गल्लीकडं गाडी वळली की ही पायडलवरचा पाय थांबवायची. मशीन थांबलं तरी टिकटिक चालूच, म्हणजे भाऊ आला. मग दोरा दातानं तोडून उठायची आणि चहाचं आधण ठेवायची. तो दारात येईपर्यंत चहाला उकळी फुटलेली असे. मी घरात असून मला कधी हा आवाज वेगळा कळला नाही. मला मशीन थांबल्याचंही कळत नसे.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात त्याला ताप आला. आठ दिवस त्यानं अंगावर काढला आणि मग दवाखान्यातून परत आलाच नाही. शेवटी शेवटी शुद्धीवर असताना मला जवळ बोलावून म्हणाला, "दाजी, गाडी अधनंमधनं चालू करीत जा. बॅटरी उतरती." एवढंच. मोठ्या इंजिनाचं तो तेव्हा काही बोलला नाही, हे मला फार नंतर आठवलं.

गाडी आमच्याकडं आली. पहिल्या भाऊबीजेला संध्याकाळी मी गच्चीच्या दाराचं कुलूप काढून ठेवलं. ज्या बाईला भाऊ नाही ती आमच्याकडं चंद्राला ओवाळते, आणि बीजेचा चंद्र फार वेळ थांबत नाही. पण ही ताट घेऊन अंगणात आली. मला म्हणाली, गाडी चालू करा आणि पुढचं झाकण वर करा.

मी झाकण वर केलं आणि आत बसून इंजिन चालू ठेवलं. समोर उघडं बॉनेट, त्यामुळं पलीकडं ही काय करते ते मला दिसत नव्हतं. निरांजनाचा उजेड पत्र्याच्या कडेनं हलत होता, बांगड्या वाजत होत्या. मी आपला हिशेब बसवला की लक्ष्मीपूजनाला गाडीची पूजा राहिली होती, ती उरकून घेते आहे. मी आतून ओरडूनही बघितलं, हार राहिला की! थोड्या वेळानं मी म्हटलं, झालं का, पेट्रोल जळतंय. ती म्हणाली, "राहू द्या थोडं." मी मनात शंभरपर्यंत आकडे मोजले आणि किल्ली फिरवली.

त्या दिवशी मी उतरून दोन पावलं पुढं गेलो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं.

नंतर ती दर रविवारी मला गाडी चालू करायला सांगायची. मी बॅटरीसाठी करायचो. ती दारात उभी राहून ऐकायची, तेव्हा मला वाटायचं, बिचारीला या खटाऱ्याची काळजी वाटते. इंजिन धूर टाकायला लागलं होतं. माझ्या मनानं घेतलं की मेहुण्याची राहिलेली इच्छा आपण पुरी करायची. मोठं इंजिन टाकायचं आणि हिला एकदम दाखवायचं. हिला मी सांगितलं, रंग मारायला बीडला नेतो. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण हिच्यासाठी मी मनानं काही ठरवून केल्याची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी मी हिच्यासाठी चप्पल आणली होती. दोन्ही डाव्या पायाच्या निघाल्या.

गॅरेजांतला एक रिवाज मला तेव्हा माहीत नव्हता. इंजिन बदललं की जुनं कोणाचं, हे आधी बोलून घ्यायचं असतं. काही बोलणं झालं नाही तर निघालेला माल मिस्त्रीचा. तेवढ्या बोलीवर ते मजुरीतही थोडं नमतं घेतात. आमचे मिस्त्री मात्र सरळ माणूस. कामाला हात लावण्याआधी त्यांनी विचारलं, जुनं ठेवायचं की माझ्याकडं राहू द्यायचं? मी म्हटलं, घेऊन टाका, मला घरात इंजिन ठेवून काय करायचंय.

जुनं इंजिन बाहेर काढून जमिनीवर ठेवल्यावर त्यांनी मला पुन्हा बोलावलं. फडक्यानं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, पुसता पुसता ते मध्येच थांबले होते. तिथं तेलात चिकटून बसलेला बोटाचा लाल ठसा होता.

"सर, ह्याला कुंकू लावलेलं हाय."

मी म्हटलं, दिवाळीच्या पूजेचं असेल.

"पूजेचं लोक बॉनेटला लावतात, स्टेअरिंगला लावतात. आतल्या इंजनाला मी न्हाई बघितलं कधी. घरी एकदा विचारून घ्या."

मी हसून म्हटलं, "घरात विचारायचं काय त्यात? घरात मीच आहे."

माझं हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. लिहिताना सुटेल असं वाटलं होतं, पण सुटत नाही, म्हणून लिहून टाकतो.

मग महिनाभर काम चाललं. मोठ्या इंजिनाला जुना शाफ्ट पुरेना म्हणून दुसरा आणून लेथवर कापून बेताचा केला. त्याच्या ताकदीनं मागचा आस पिळून मोडेल म्हणाले, म्हणून आस बसतो ती मागची हौसिंगही दुसरी टाकली. सुट्टी असल्यामुळं मी दिवसाआड जाऊन स्टुलावर बसायचो आणि कोणी न विचारता सल्ले द्यायचो. आरटीओकडं इंजिन बदलाचा अर्ज केला. त्यात 'कारण' असा रकाना होता. मी लिहिलं, जुने इंजिन कमकुवत असल्याने.

गाडी तयार झाली त्या दिवशी मी तेलगावचा रस्ता सोडून आधी मांजरसुंब्याच्या बाजूला गेलो. टप काढला होता. घाटात तिसरा गिअर बदलावासुद्धा लागला नाही, गाडी हुंकार देत वर चढली. दोन ट्रक मागं टाकले. वर पोचल्यावर बाजूला थांबलो आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडं बघून मोठ्यानं म्हणालो, "बघ." रस्त्याकडेला सीताफळाच्या झाडाखाली शेळ्या घेऊन बसलेली एक म्हातारी माझ्याकडं टक लावून बघत राहिली. माझे डोळे वाहत होते आणि मी खूशही होतो. इतका खूश मी त्यानंतर झालेलो नाही.

घरी आलो तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. चौकातून गल्लीत वळताना मी गाडी मुद्दाम हळू केली, म्हणजे हिला ऐकू येईल आणि ती आधण ठेवील. दारात गाडी उभी केली. आतून मशीनचा आवाज येत होता, टिकटिक टिकटिक. तो थांबला नाही. मी पाय दाबून इंजिन घुमवलं, तरी थांबला नाही. शेवटी हॉर्न वाजवला तेव्हा ती बाहेर आली. ओठांत टाचणी होती. ती काढून म्हणाली, "मला वाटलं पेंडीचा टेम्पो आला."

मी बॉनेट वर केलं. आतलं इंजिन आरशासारखं चमकत होतं. मी उत्साहानं सगळं सांगत सुटलो, ताकद किती वाढली, गिअर किती, घाट कशी चढली. तुझ्या भावाची इच्छा होती, असंही म्हणालो. ती ऐकत होती, पण माझं नाही. मान थोडी तिरपी करून ती इंजिन ऐकत होती. मग तिनं विचारलं, "त्याचं कुठंय?"

मी म्हटलं, कोणाचं?

"त्याचं इंजन."

मी रिवाज सांगितला. निघालेला माल मिस्त्रीचा असतो.

तिनं गाडीवर हात ठेवला. नंतर जे म्हणाली ते अगदी सावकाश, एकेक टाका घातल्यासारखं म्हणाली. "भाऊबीजेला मी कोणाला ओवाळलं, असं वाटलं तुमाला? मी बाईचा साधा ब्लाउज उसवायचा म्हणलं तरी आधी तिला इचारते. मला कावून इचारलं न्हाई?"

मला अर्जातला 'कारण'चा रकाना आठवला, तेवढाच.

तशीच गाडी वळवून मी बीडला गेलो. मिस्त्रींनी जुनं इंजिन पंधरा दिवस कोपऱ्यात ठेवलं होतं. बहुतेक मी परत येईन म्हणूनच ठेवलं असावं, पण मी दिवसाआड तिथं स्टुलावर बसूनही त्या कोपऱ्याकडं कधी बघितलं नव्हतं. मग ते भंगारवाल्याकडं गेलं आणि तिथून इतर लोखंडाबरोबर जालन्याच्या भट्टीकडं. भंगारवाल्याच्या आवारात आम्ही दोघं तासभर ढीग उकरत हिंडलो. मिस्त्री त्या उन्हात माझ्याबरोबर वाकून बघत होते, एकदाही म्हणाले नाहीत की मी सांगितलं होतं.

परत गॅरेजात आल्यावर त्यांनी फळीवरून एक वस्तू काढून दिली. जुन्या इंजिनाचं टॅपेट कव्हर. कुंकू असलेली वस्तू भंगारात कशी टाकायची, म्हणून तेवढं त्यांनी सोडवून वेगळं ठेवलं होतं. आणि पूजेची वस्तू मळकी कशी ठेवायची, म्हणून रॉकेलनं स्वच्छ धुऊन पुसून ठेवलं होतं.

ते मी घरी आणून हिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं ते उजेडाकडं धरलं, उलटं केलं, सुलटं केलं, बोटानं एक जागा चाचपली. तिथं काही नव्हतं. तिनं ते मशीनच्या टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलं आणि पुन्हा पायडलवर पाय ठेवला.

मी हार मानली नाही. मेहुण्याच्या खोलीतून त्याचे सगळे व्हिडिओ आणले. वरातीत गाडी आहेच, तर कुठं तरी ते इंजिन वाजलेलं सापडेल. आवाज तेवढा काढून हिच्या मोबाईलमध्ये घालू, असं माझं गणित. सुट्टीचे उरलेले दिवस मी इतरांची लग्नं बघण्यात घालवले. गाडी सगळीकडं होती. फेटे होते, घामेजलेले नवरदेव होते, नाचणारे मामे होते, आणि एका ठिकाणी काचेत क्षणभर कॅमेरा धरलेला तो स्वतःही होता. आवाज कुठंच नव्हता. त्यानं मोठ्या मेहनतीनं सगळीकडं मूळचा आवाज काढून टाकून त्यावर गाणी भरली होती. ही एकदा माझ्या मागं येऊन उभी राहिली, काचेतला तो पुन्हा दाखवा म्हणाली, आणि दोनदा बघून आत गेली.

शाळा सुरू झाली. घरात भांडण असं काही नव्हतं. ती वेळेवर डबा द्यायची, बोलायची, हसायचीही. फक्त रविवारी गाडी चालू करायला सांगायची बंद झाली. आणि मला मशीनचा आवाज आता ऐकू यायला लागला होता. मधूनच तो थांबायचा. मी वर्तमानपत्रातून मान वर करून बघायचो, तर ती पायडलवर पाय तसाच ठेवून रस्त्याकडं कान देऊन बसलेली असायची. क्षणभरच. मग पुन्हा मशीन सुरू.

मागच्या दिवाळीत भाऊबीजेला मला काय करावं सुचेना. न विचारता पुन्हा काही करायचं नाही, हे ठरलं होतं. पण विचारायचं कसं, हे ठरत नव्हतं. संध्याकाळ झाली तशी ती आत ताट करायला लागली. निरांजन, सुपारी, अंगठी, कुंकवाचा करंडा. मशीनच्या टेबलावरचं ते टॅपेट कव्हर जागेवरच होतं. मी हळूच गाडी अंगणात घेतली, चालू केली, बॉनेट वर केलं. या वेळी आत बसलो नाही, बाजूला उभा राहिलो. इंजिन मोठ्या घशानं घुमत होतं. मला स्वतःलाच ते पेंडीच्या टेम्पोसारखं वाटलं, म्हणून मी किल्ली फिरवून बंद केलं, पण बॉनेट तसंच राहू दिलं.

ती ताट घेऊन बाहेर आली. गाडीकडं तिनं बघितलं, माझ्याकडं बघितलं. निरांजनाला एका हाताचा आडोसा करून ती पायरी उतरली आणि गाडीच्या पुढं येऊन मावळतीकडं तोंड करून थांबली. समोर उघडं बॉनेट आणि त्यावरची माझी चार बोटं जास्तीची उंची. ती एका बाजूला वाकली, मग दुसऱ्या बाजूला वाकली.

मग म्हणाली, "ते झाकण खाली घ्या. चंद्र दिसंना गेलाय."